छाती धडधडत असताना नेम: १० मीटर रेंजवरचा दमछाकीचा सराव

रोज सकाळी रेंजवर ६००पैकी ५६५ ते ५७० गुण मारणारी मुलगी जिल्ह्याच्या मॅचला ५४८वर येते. परत आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, हात ठीक होता, छातीच ऐकत नव्हती." गेली काही वर्षं मी एअर पिस्तूल शिकवते आहे आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता आमच्याकडे आठवड्यातला एक दिवस फक्त छातीसाठी राखून ठेवलेला असतो. त्या दिवशी मुलं आधी दमतात, मग नेम धरतात. तो सराव कसा करायचा, कुठे थांबायचं आणि त्यातून काय शिकायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पळून आल्यावर वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके एक नाहीत. पळून आलेलं हृदय मिनिटभरात आपोआप उतरू लागतं. भ्यायलेलं हृदय उतरेलच असं नाही. म्हणून "पळून नेम धरायला शिकलं की मॅचची भीती जाते" असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. या सरावातून दोन गोष्टी मिळतात. धडधड चालू असतानाही शॉटचा क्रम न सोडणं ही पहिली. आणि शॉट बसत नाहीये हे ओळखून, ट्रिगर न दाबता, हात खाली आणणं ही दुसरी. दुसरी मला जास्त मोलाची वाटते, कारण मॅचमध्ये गुण जातात ते बहुतेक करून सोडायला हवा होता तो शॉट मारल्यामुळे.

दमछाक आणि नेम एकत्र करणारे खेळ जगात जुने आहेत. बायथलॉनमध्ये खेळाडू स्कीवरून येतो आणि ५० मीटरवरच्या पाच टार्गेटवर .२२ रायफलने पाच गोळ्या मारतो. झोपून मारताना टार्गेटचा व्यास ४५ मिलिमीटर, उभ्याने मारताना ११५. बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकीमागे १५० मीटरचा जादा फेरा पडतो. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतला लेझर रन, म्हणजे धाव आणि नेम आलटून पालटून, आपल्याला जास्त जवळचा. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकमध्ये त्यात ६०० मीटरच्या पाच फेऱ्या होत्या आणि मध्ये चार वेळा १० मीटरवरून लेझर पिस्तुलाने पाच-पाच अचूक नेम. गोव्यात २०२३ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही मॉडर्न पेंटॅथलॉन होतं. यातली मला फार आवडणारी बाब अशी की लेझर रनच्या टार्गेटचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो आणि आपल्या नेहमीच्या एअर पिस्तूल टार्गेटचा काळा भागही बरोबर तेवढाच, ५९.५. म्हणजे या सरावासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. काळ्यात लागला तो लागला, पांढऱ्यात गेला तो चुकला.

कुणी करायचं, कुणी नाही

ज्याचा शांतपणी मारलेल्या दहा शॉटचा ग्रुप अजून टार्गेटभर पसरतो, त्याने हा सराव करू नये. किमान सहा महिने नियमित रेंज झालेली असावी, हत्यार हाताळण्याचे नियम अंगवळणी पडलेले असावेत. दमलेल्या माणसाची पहिली गोष्ट सुटते ती सवय, आणि सवयच पक्की नसेल तर हातात पिस्तूल देऊ नये. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा चक्कर येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. चाळिशीनंतर नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांनीही आधी तपासून घ्यावं.

इथे मी सगळं एअर पिस्तूल आणि एअर रायफलबद्दल लिहिते आहे. .२२वर किंवा त्यापुढच्या हत्यारावर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. तिथे परवाना, क्लबची परवानगी आणि शेजारी उभा असलेला रेंज ऑफिसर, तिन्ही लागतात.

रेंजवरची मांडणी

यात जराही सूट नाही: हत्यार पळत नाही, माणूस पळतो. पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे, लिव्हर उघडी, आत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी खूण). एवढं झाल्यावरच पाठ फिरवायची. भरलेलं पिस्तूल टेबलावर ठेवून कुणी पायऱ्यांकडे निघालं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. आमच्याकडे यावर चर्चा होत नाही.

रिकामा तास निवडा. शेजारच्या लेनमध्ये कुणी ६० शॉटची मॅच मारत असताना त्याच्या पाठीमागून धापा टाकत येणं म्हणजे त्याचा दिवस खराब करणं. रेंज ऑफिसरला आधी सांगून ठेवा आणि तुमच्या लेनमागची वाट मोकळी करा. बॅग, पाण्याची बाटली, स्टँडच्या पट्ट्या, काही आड येता कामा नये. एका वेळी एकच जण दमेल, दुसरा टेबलाशी उभा राहून वेळ मोजेल आणि हत्याराकडे लक्ष ठेवेल. एकट्याने हा सराव करू नये.

दमछाक हॉलच्या बाहेर करा. यामागे शिशाचं कारण आहे आणि ते फार कमी लोक सांगतात. छर्रे शिशाचे असतात, टार्गेटमागच्या पेटीत ते फुटून बारीक धूळ होते. शांतपणे उभं राहून नाकाने घेतलेला श्वास आणि धापा टाकत तोंडाने ओढलेली हवा यांत मोठा फरक आहे. म्हणून पायऱ्या, व्हरांडा, मैदान वापरा. बंद हॉलमध्ये उड्या मारू नका. घाम पुसायला स्वतंत्र टॉवेल ठेवा, छर्रे हाताळलेला हात तोंडावर, डोळ्यांवर फिरवू नका.

चष्म्यावर वाफ धरते आणि भुवईवरचा घाम नेमाच्या डोळ्यात उतरतो, तेव्हा कपाळाला पट्टी बांधा. मुठीवरचा घाम पुसायला सुती फडकं टेबलावर हवंच. छर्रे डबीत न ठेवता पसरट ताटलीत मोजून पाच ठेवा. दमलेल्या बोटांनी डबी उपडी होते, मग मुलं वाकून वेचत बसतात. पडलेला छर्रा पडू द्या.

दमायचं कसं

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला दम लावायचा म्हटलं की जोर आणि बैठका आठवतात. पण पिस्तूलवाल्यांनी या सरावात जोर मारू नयेत. जोरांनी खांदा आणि दंड थरथरतो, आणि मग चुकलेला शॉट छातीमुळे गेला की हातामुळे हे कळतच नाही. आपल्याला दमवायचं आहे हृदयाला, नेमाच्या हाताला नाही. पुल-अप, डंबेल, दोरीच्या उड्या यांनाही तोच नियम. दोरीने मनगट शिणतं.

पिस्तूलसाठी पायऱ्या उत्तम. दोन मजले झपाझप चढायचे, उतरताना सावकाश, कठड्याला हात लावून, कारण दमलेले गुडघे उतरतानाच दगा देतात. पायऱ्या नसतील तर मोकळ्या बैठका किंवा मैदानावर २०० मीटर धाव. लेझर रनची तयारी करणाऱ्यांनी धावच घ्यावी. रायफलवाल्यांना मात्र बैठका नकोत. उभ्या पोझिशनचा सगळा आधार पायांवर असतो आणि थरथरत्या मांड्यांवर रायफल स्थिर राहत नाही. त्यांनी हलकी धाव किंवा जलद चाल घ्यावी. शिवाय जाड जॅकेट आणि पँट घालून दमछाक करू नये, आत उष्णता कोंडते. साध्या कपड्यांत दमा, साध्याच कपड्यांत मारा, आणि ग्रुप मोठा येणार हे आधीच मान्य करून टाका.

ठोके मोजायला छातीचा पट्टा असेल तर उत्तम. मनगटाचं घड्याळ नेम न धरणाऱ्या हाताला बांधा, पण ठोके भराभर चढत-उतरत असताना ते मागे पडतं हे लक्षात ठेवा. काहीच नसेल तर मानेच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. २२०मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. विशीतल्या मुलासाठी २००. त्याच्या ६० टक्के म्हणजे १२०, ७५ टक्के म्हणजे १५०. १७०च्या पुढे नेण्याची या सरावात गरज नाही.

पहिला आठवडा: फक्त मोजमाप

दमायच्या आधी शांतपणी दहा शॉट मारा. स्कोअर लिहा, ग्रुप कुठे आहे तो लिहा. मग एकदा दोन मजले चढून या आणि पिस्तुलाला हात न लावता नुसते उभे राहा. पोचताक्षणी ठोके किती, ३० सेकंदांनी किती, ६० सेकंदांनी किती, ते लिहून ठेवा. हे तीन आकडे पुढच्या सगळ्या सरावाचा पाया आहेत. कुणाचे मिनिटभरात ४० ठोके उतरतात, कुणाचे १५. ज्याचे कमी उतरतात त्याला नेमबाजीपेक्षा आधी रोजच्या धावण्याची गरज आहे, आणि हे त्याला तोंडावर सांगावं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: छर्र्याशिवाय

पायऱ्या चढून या, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, आणि ड्राय फायरिंग करा. टार्गेटऐवजी कोरा पांढरा कागद लावा. कोऱ्या कागदावर मधलं दहा गुणांचं वर्तुळ गाठण्याचा मोह नसतो, त्यामुळे नजर साइटवर, म्हणजे पिस्तुलावरच्या नेमाच्या खुणेवर राहते. याच वेळी दिसतं की पुढची साइट ठोक्यागणिक उडते आहे. बरीच मुलं घाबरतात. घाबरू नका, ती तशीच उडणार आहे.

नेमबाजीत एक जुना सल्ला आहे, दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत शॉट सोडा. ७० ठोक्यांना दोन ठोक्यांमध्ये साधारण ०.८६ सेकंद असतात, तेव्हा अनुभवी माणसाला ते जमतं. १५०ला उरतात ०.४ सेकंद. तेवढ्यात ठोका ओळखून बोट हलवायचं म्हटलं तर हमखास झटका बसतो. त्यामुळे ठोके चढलेले असताना ठोका चुकवायचा प्रयत्नच करू नका. साइट काळ्याखालच्या पट्टीत थोडी फिरू द्या आणि बोट सलग, एकाच गतीने मागे येऊ द्या. दहा समोरून जाताना दिसला की चटकन दाबणं हा या सरावातला सगळ्यात मोठा शत्रू आहे. त्या झटक्याने उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट बहुतेकदा खाली-डावीकडे जातो.

चौथ्या आठवड्यापासून: पाच छर्रे

आता खरा क्रम.

१. १२० ठोके होईपर्यंत पायऱ्या. शेवटची दहा-पंधरा पावलं मुद्दाम हळू चाला. बायथलॉनचे खेळाडूही रेंजजवळ येताना वेग कमी करतात. धाडकन येऊन उभं राहणाऱ्याचा पहिला शॉट जातो.

२. टेबलाशी या, पाय ठरल्या जागी लावा, पण पिस्तुलाला हात नको. हात आणि मूठ पुसा. तोंडाने दोन लांब उच्छ्वास.

३. मूठ बसवा. दमलेल्या माणसाची पकड नकळत आवळली जाते. बोटांची नखं पांढरी दिसली तर सोडा आणि पुन्हा बसवा.

४. सेफ्टी फ्लॅग काढा, छर्रा भरा. छर्रा नेहमी शेवटी. भरल्यापासून शॉट सुटेपर्यंत नळी टार्गेटकडेच.

५. हात उचला, श्वास अर्धा सोडा, थांबा. शांतपणी तुम्ही सहा ते आठ सेकंद श्वास धरू शकता. दमलेले असताना तीन ते चार. त्या तीन-चार सेकंदांत शॉट सुटला तर ठीक. नाही सुटला तर बोट ट्रिगरवरून बाहेर, हात खाली, दोन श्वास, पुन्हा वर.

६. दोन शॉटच्या मध्ये निदान दोन पूर्ण श्वास. धाप जास्त असेल तर तीन. मोजून घ्या, अंदाजाने नको.

७. पाचवा शॉट झाला की लिव्हर उघडा, फ्लॅग आत, पिस्तूल टेबलावर, मग पावलं मागे.

शेवटचा व्यायाम आणि पहिला शॉट यांत सुरुवातीला ३० सेकंद द्या. पंधरा दिवसांनी २५, मग २०. त्याखाली जायची घाई लेझर रनवाल्यांनाच परवडते. एका दिवसात अशा चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटांची विश्रांती, एकूण २० छर्रे. ऐकायला कमी वाटतात, पण चौथ्या फेरीनंतर कुणी जास्त मागत नाही.

माझा स्वतःचा अनुभव जरा उलटा आहे. माझे सगळ्यात वाईट शॉट १५०ला जात नाहीत, ते जातात ठोके उतरताना, १३० ते ११०च्या मध्ये. "आता उतरेल, मग मारू" म्हणून मी वाट बघत बसते, हात वरच राहतो आणि दंड दमतो. तुमचाही असा एक टप्पा असेल. तो वहीतून सापडेल.

रायफलवाल्यांसाठी

बायथलॉनचं टार्गेट १० मीटरवर आणायचं तर पाचने भागा. उभ्याने मारायचं ११५ मिलिमीटरचं टार्गेट २३ मिलिमीटर होतं, झोपून मारायचं ४५चं ९ होतं. एअर रायफलच्या टार्गेटवर सहाच्या वर्तुळाचा व्यास २०.५ आणि पाचच्या वर्तुळाचा २५.५. म्हणजे दमून येऊन उभ्याने मारलेले पाचही छर्रे सहाच्या आत बसले तर बायथलॉनच्या हिशेबाने पाचही लागले. दहाचा ०.५ मिलिमीटरचा ठिपका या दिवशी विसरायचा. १० मीटरवर झोपून मारायचा प्रयोग मात्र नको. तिथलं टार्गेट साधारण १.४० मीटर उंचीवर असतं, झोपून मारलं तर नळी वर जाते आणि छर्रा पेटीत तिरपा शिरतो.

५० मीटरवर, परवानगीने, झोपून मारणाऱ्यांना एक गोष्ट जाणवेल: साइटमध्ये नाडी स्पष्ट दिसते. स्लिंगचा पट्टा दंडाच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिनीवर आवळला की प्रत्येक ठोका रायफलीपर्यंत पोचतो. पट्टा थोडा वर सरकवून, किंचित बाहेरच्या बाजूला फिरवून पाहा.

तीन पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) रायफल फायनलमध्ये शरीराचा कस कसा लागतो हे कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या १ ऑगस्ट २०२४च्या पॅरिस ऑलिंपिक फायनलमध्ये सगळ्या कोल्हापूरने पाहिलं. गुडघ्यावरच्या टप्प्यात तो मागे होता, शेवटच्या उभ्या टप्प्यात वर सरकत ४५१.४ गुणांवर कांस्यपदकापर्यंत पोचला. उभा टप्पा शेवटी येतो, तोवर जॅकेटमधलं अंग दमलेलं आणि छाती धडधडत असते. तिथे टिकायचं तर पायांत आणि फुप्फुसांत जोर हवाच.

लेझर रनसारखी पूर्ण फेरी

दोन-तीन महिने झाल्यावर महिन्यातून एकदा: ४०० मीटर धाव, पाच काळे, पुन्हा ४०० मीटर, पाच काळे, असं चार वेळा. खऱ्या लेझर रनमध्ये पाच नेम लागेपर्यंत किंवा ५० सेकंद संपेपर्यंत थांबावं लागतं. एअर पिस्तुलावर तो ५० सेकंदांचा हट्ट धरू नका. लेझरला छर्रा नसतो, आपल्याला प्रत्येक वेळी भरावा लागतो, आणि घाईने भरणं हाच इथला धोका आहे. दोन मिनिटं द्या. लागले किती एवढंच मोजा.

वही

प्रत्येक फेरीसमोर लिहा: पोचतानाचे ठोके, पहिल्या शॉटपर्यंतचे सेकंद, पाच शॉट कुठे गेले, आणि हात किती वेळा खाली आणला. शेवटचा रकाना मी सगळ्यात आधी बघते. पाच शॉटमध्ये शून्य वेळा खाली आणणारा मुलगा एकतर फार चांगला असतो किंवा फार घाई करतो, आणि बहुतेक वेळा दुसरं.

पहिलाच शॉट वारंवार बाहेर जात असेल तर तुम्ही लवकर सुरू करताय, पाच सेकंद वाढवा. पाचवा जात असेल तर श्वास कमी पडतोय. शॉट उभ्या रेषेत वर-खाली पसरत असतील तर श्वास थांबायच्या आधीच शॉट सुटतो आहे. चारही दिशांना पसरत असतील तर ठोके तुमच्या आवाक्याबाहेर गेलेत. पुढच्या वेळी दहा ठोके कमी ठेवा. आणि डोकं गरगरलं, छातीत दुखलं, नजर अंधारली तर हत्यार खाली, बसा, दिवस संपला.

हा सराव आठवड्यातून एकदाच. ज्याला फार हौस आहे त्याने दोनदा, मध्ये तीन दिवस सोडून. बाकीचे सगळे दिवस नेहमीची शांत रेंज. मॅचच्या आधीचा आठवडा पूर्ण सुट्टी, त्या दिवसांत हाताला फक्त चांगले, निवांत शॉट आठवू द्या. मॅचच्या दिवशी मात्र वॉर्म-अपच्या वेळी एकदा जिना चढून या, ठोके थोडे वाढू द्या आणि चार-पाच ड्राय शॉट घ्या. माझ्या बऱ्याच मुलांना याचा उपयोग झाला आहे: पुढे मॅचमध्ये छाती धडधडू लागली की ती ओळखीची वाटते.

सराव संपल्यावर साबणाने आणि थंड पाण्याने हात कोपरापर्यंत धुवा, तोंड धुवा, टीशर्ट बदला, मगच डबा उघडा. मुलं तिखट भडंगाच्या पुडीत तसाच हात घालतात. त्यांना तिथे अडवणं हेही माझ्या मते कोचचंच काम आहे.